शेतकऱ्यांचे प्रश्न: खाजनाचा बांध, काजूचा उतार आणि सरकारी मदत

आमच्या खाजनाच्या (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या शेतजमिनीच्या) बांधाला मानशीजवळ (पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांजवळ) गळती लागली आहे. टेनंट असोसिएशनची (खाजनातल्या कुळांच्या संघटनेची) बैठक कित्येक वर्षांत झालेली नाही. आम्ही सात-आठ शेतकऱ्यांनी वर्गणी काढून बांध दुरुस्त केला, तर सरकारकडून खर्च परत मिळेल का?
– एक शेतकरी, चोडण, गोवा

खर्च आधी करून पावत्या नंतर नेल्यात, तर बहुतेक वेळा काही मिळत नाही. दुरुस्तीआधी पाहणी, अंदाजपत्रक आणि मंजुरी झालेली असावी लागते. वर्गणीला हात घालण्याआधी कागद पुढे सरकवा.

खाजनाचा बांध एका शेतकऱ्याचा नसतो, म्हणून सात-आठ जणांच्या सह्यांचा अर्ज कमजोर पडतो. गोव्याच्या कूळ कायद्याखालील 1975 च्या नियमांनी बांध, मानस आणि पोंय (मानशीच्या आतला पाणी साठणारा खोलगट भाग) सांभाळण्याची जबाबदारी त्या खाजनातल्या सर्व कुळांवर मिळून टाकली आहे. ती पार पाडण्यासाठीच टेनंट असोसिएशन असते. समितीची मुदत संपली असेल, तर मामलेदारांकडे लेखी अर्ज करून निवडणूक मागा. अर्जाची पोच शिक्का मारून घ्या. त्याच अर्जात असोसिएशनचे बँक खाते आणि मानशीच्या पावणीचा (तिथल्या मासळीच्या लिलावाचा) हिशेबही मागा. पावणीचे पैसे सर्वांत आधी बांधावर लागले पाहिजेत. ते कुठे गेले हे विचारण्याचा हक्क प्रत्येक कुळाला आहे.

समिती उभी राहिली की तिच्या ठरावासह मामलेदार आणि कृषी संचालनालयाचा मृदसंधारण विभाग या दोघांकडे अर्ज द्या. संचालनालय करंजाळ्याला टोंक येथे आहे, पण सुरुवात तुमच्या विभागीय कृषी कार्यालयातून केलेली बरी. अर्जासोबत सर्व्हे नंबर, गळक्या भागाची टेप लावून मोजलेली लांबी, त्या बांधावर अवलंबून असलेले क्षेत्र, शेतकऱ्यांची यादी, आणि एकाच जागेवरून भरतीला व ओहोटीला काढलेले फोटो जोडा. शेतकऱ्यांचा वाटा किती, हे अंदाजपत्रक हातात आल्यावर लेखी विचारा. पावसाळा सरला की अर्ज गेला पाहिजे. मार्चमध्ये दिलेल्या अर्जाचे काम मेच्या अखेरीस घाईत उरकले जाते, ओली चिकण बसायला वेळ मिळत नाही आणि जूनच्या पहिल्या उधाणात बांध पुन्हा तुटतो.

तोवर गळती नेमकी कसली आहे ते ओळखा. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला बांधाच्या आतल्या बाजूला उभे राहा आणि झिरपणारे पाणी ओंजळीत घेऊन पाहा. पाणी नितळ असेल तर नुसती झिरप आहे, थोडे थांबता येईल. ते गढूळ येत असेल, तर बांधाच्या पोटातली माती वाहून चालली आहे आणि भगदाड पडायला एखादी रात्र पुरते. अशा वेळी त्याच दिवशी मामलेदारांना कळवा.

गळतीचे कारण बहुधा कुर्ल्यांची (खेकड्यांची) नाहीतर उंदरांची बिळे असतात, किंवा मानशीची दगडी बाजू आणि मातीचा बांध जिथे भेटतात तिथली फट. बिळाचे तोंड नुसते बुजवून उपयोग होत नाही, पाणी शेजारून वाट काढते. ओहोटीला बीळ शेवटापर्यंत खणून उघडे करा आणि चिकणमातीचे वीतभर थर घालत, प्रत्येक थर धुमसून भरा. मुरूम किंवा चिऱ्याचा चुरा घालू नका, त्यातून पाणी पाझरते. बाहेरच्या बाजूची खारफुटी लाटांचा मार अंगावर घेते. ती तोडली तर बांध उघडा पडतो, शिवाय विनापरवाना तोडणे हा गुन्हा आहे.

मानशीची दारेही तपासा. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने ती बाहेर उघडतात आणि भरती चढू लागली की बाहेरच्या दाबाने आपोआप मिटतात. मिटलेल्या दारात बोट शिरत असेल तर फळी कुजली आहे. मासळीसाठी खारे पाणी आत यावे म्हणून कोणी दारात काठी किंवा दगड अडकवत असेल, तर तारीख-वेळेसह फोटो काढून मामलेदारांकडे तक्रार करा. खाजने अशीच पडीक पडतात, आणि आमच्या मते यात गप्प बसणे सर्वांत महाग पडते. शेत एक-दोन वर्षे खाऱ्या पाण्याखाली राहिले की तिथे खारफुटी उगवते आणि मग तुमच्याच शेतातली ती झाडे तुम्हाला परवानगीशिवाय काढता येत नाहीत.

उधाणाचे पाणी शिरून भात गेले. भरपाई कुठून मिळेल? पुढच्या वर्षी पीक येईल का?
– वाचक, पेडणे तालुका

नैसर्गिक आपत्तीत पीक गेल्यास राज्य सरकारचा शेतकरी आधार निधी आहे. अर्ज विभागीय कृषी कार्यालयात द्यायचा असतो. पाहणी होईपर्यंत शेत नांगरू नका, कुजलेले पीक उपटू नका. नुकसानीचे कारण खरे आणि स्पष्ट लिहा. बांध उधाणाने फुटला असेल तर तसे आणि मानस उघडी राहिली असेल तर तसे. अर्जात एक आणि पंचनाम्यात दुसरे आले की प्रकरण अडकते.

प्रधानमंत्री पीक विमा काढला असेल तर तो दावा वेगळा. खरीप भाताला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या 2 टक्के असतो. कापून शेतात वाळत टाकलेले भात 14 दिवसांच्या आत अवकाळी पावसाने गेले, तर 72 तासांत कळवावे लागते. त्यासाठी 14447 हा क्रमांक आहे. तक्रार नोंदल्याचा क्रमांक लिहून ठेवा, पुढे सारे काही त्याच्याच आधारे चालते.

आता जमीन. आधी माती तपासून घ्या. शेतात आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा 15 सेंटीमीटर खोल खड्डा घ्या, त्याच्या कडेची माती खरवडून सगळी एकत्र करा आणि त्यातली अर्धा किलो द्या. खताच्या जुन्या गोणीतून नमुना नेऊ नका, निकाल चुकतो. क्षारता (विद्युतवाहकतेवरून मोजलेली) मीटरला 4 डेसिसायमेन्सच्या वर आली तर जमीन खारवट. जिप्समवर पैसे घालायची घाई करू नका, खाजनाच्या मातीत मीठ बहुतेक पावसाच्या पाण्यानेच धुऊन जाते. बांध पक्का करून जूनचे पाणी शेतात साठू द्या, ओहोटीला मानशीतून सोडा, आणि हे दोन-तीनदा करून मगच लावणी करा. तरवा (लावणीची रोपे) गोड्या पाण्याच्या जागी काढा. रोप 30 दिवसांचे होऊ द्या, कोवळे रोप खाऱ्या मातीत टिकत नाही. बियाणे कोरगुट (खाऱ्या जमिनीतले पारंपरिक भात) किंवा जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेने काढलेल्या गोवा धान वाणांपैकी घ्या. मात्र ते मेमध्ये शोधू नका, नोंदणी आधीच करा.

काजूच्या उतारावरची माती दर पावसाळ्यात वाहून जाते. चर खणायला अनुदान आहे का? उताऱ्यावर आमचे नाव नाही.
– बागायतदार, सत्तरी

दुसरी अडचण आधी सोडवा. सत्तरीत अनेक जमिनींच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीचा नोंद-उतारा) कब्जेदार म्हणून सरकार किंवा मोकासदार (जुना इनामदार-जमीनदार) असतो आणि कसणाऱ्याचे नाव कुठेच नसते. अनुदानाच्या बहुतेक योजना कृषी कार्डावर (कृषी खात्याच्या शेतकरी ओळखपत्रावर) चालतात आणि कृषी कार्ड उताऱ्यावर. वनहक्काचा दावा मंजूर झाला असेल तर ती सनद घेऊन कृषी कार्यालयात जा. कुळाचा हक्क असेल तर त्याची नोंद करून घ्या. उताऱ्यावर वारलेल्या आजोबांचे नाव असेल तर वारसांचे म्युटेशन (फेरफार नोंद) सुरू करा आणि तोवर बाकीच्या वारसांची संमतिपत्रे जमवा. जमीन वादात नसेल तर हे काम एका उन्हाळ्यात बरेच पुढे जाते.

मृदसंधारणाच्या कामाला खणण्याआधी पाहणी लागते, खणलेल्या चराचे मोजमाप मागाहून कोणी मान्य करत नाही. ठिबक बसवायचा असेल तर केंद्राच्या योजनेत लहान व सीमांत शेतकऱ्याला 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के अनुदान आहे, पण संच मान्यताप्राप्त विक्रेत्याचाच हवा.

चर सलग खणू नका, तुटक ठेवा. एक चर 3 मीटर लांब, 60 सेंटीमीटर रुंद आणि 45 सेंटीमीटर खोल असला तर त्यात सुमारे 800 लिटर पाणी मावते. तो झाडाच्या वरच्या अंगाला, उताराला आडवा आणि समपातळीत असावा. समपातळी डोळ्यांच्या अंदाजाने धरू नका. तीन काठ्यांची इंग्रजी ए आकाराची चौकट करा, तिच्या टोकाला दोरीने दगड बांधा आणि पातळी त्यावर पाहा. चराचे एक टोक खाली गेले की सगळे पाणी तिथे धावते आणि चराचाच ओहोळ होतो. निघालेली माती खालच्या काठावर बांधासारखी रचा आणि चरात नारळाची सोडणे भरा.

पीएम किसानचा हप्ता बंद झाला. मी कोमुनिदादीचे (गावाच्या सामाईक जमिनीची मालक असलेल्या संस्थेचे) शेत कसतो.
– वाचक, फोंडा

वर्षाचे 6000 रुपये, 2000 च्या तीन हप्त्यांत, हे जमिनीच्या मालकाला मिळतात. कोमुनिदादीचे शेत कसणाऱ्याला त्या शेतावर ते मिळत नाहीत. तुमच्या नावे दुसरी शेतजमीन असेल आणि हप्ता तिच्यावर येत असेल, तर ई-केवायसी, बँक खात्याची आधार जोडणी आणि जमिनीची नोंद या तीन गोष्टी पोर्टलवर तपासा. अडकलेले हप्ते यांपैकीच एकावर अडकलेले असतात.

नैसर्गिक शेती केली तर एकट्याला पैसे मिळतात का?
– वाचक, डिचोली

एकट्याला नाही. 2024 च्या राष्ट्रीय अभियानात साधारण 50 हेक्टरचा गट असतो. गटातल्या शेतकऱ्याला एक एकरापर्यंत वर्षाला 4000 रुपये, दोन वर्षे मिळतात. गावात गट झाला आहे का, हे विभागीय कृषी कार्यालयात विचारा. झाला नसेल तर शेजाऱ्यांची नावे आणि सर्व्हे नंबर लिहिलेली यादी सोबत घेऊन जा.