बडोद्यात सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. विजेचा वापर आणि कार्बन कमी करायला नवा एसी घ्यावा की गच्चीला चुना मारावा?

आधी गच्ची पांढरी करा, एसीचं नंतर बघा. वरच्या मजल्यावर मुख्य उष्णता स्लॅबमधून येते. तो दिवसभर तापतो आणि रात्री खोलीत उष्णता सोडत राहतो, म्हणून एसी पहाटेपर्यंत चालतो. पांढरा पृष्ठभाग बरंचसं ऊन परतवतो. वाचलेलं प्रत्येक युनिट म्हणजे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड कमी, कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशाचीच.

1 किलो कळीच्या चुन्याला 5 लिटर पाणी घेऊन प्लास्टिकच्या नव्हे, लोखंडी पिंपात 24 तास भिजवा. चुना थोडा थोडा पाण्यात टाका, उलटं नको. चुन्यावर पाणी ओतलं तर तो उकळून डोळ्यांत उडतो. मग फडक्यातून गाळून थोडा डिंक किंवा फेविकॉल घाला. गच्ची धुवा, ओलसर असतानाच संध्याकाळी पातळ हात द्या, असे दोन-तीन. जाड थर आणि भर उन्हातलं काम, दोन्हींत पापुद्रे निघतात. भेगा आधी बुजवा. चुना म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे.

पावसात तो धुपतो, म्हणून दर मार्चमध्ये पुन्हा. मध्ये धूळ बसली तर झाडूनही फरक पडतो. कायमचं हवं असेल तर चायना मोझॅक, म्हणजे पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर, पण त्याचं वजन स्लॅबला पेलेल का ते इंजिनिअरला विचारून. मधल्या मजल्यावर राहत असाल तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. तिथे पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून सावली करा.