मॅडम, आम्ही मैदानावरचे, आमच्या डोक्यात पुस्तक जात नाही

रिझल्ट लागले की दरवर्षी हेच. मी धुळ्यात समुपदेशनाला बसते पण पोरं येतात शिरपूर, शहादा, पारोळा, कुठून कुठून, आणि एम.पी.एड.चं, म्हणजे शारीरिक शिक्षणात मास्टर्स करणारं पोरगं असलं की वाक्य ठरलेलंच: मॅडम, आम्ही मैदानावरचे, आमच्या डोक्यात पुस्तक जात नाही. कोणाला बायोमेकॅनिक्सची, म्हणजे शरीराच्या हालचालींमागच्या शास्त्राची भीती, कोणाला स्टॅटिस्टिक्सची, कोणाला प्रबंधाची. या महिन्यात तिसऱ्यांदा ऐकलं म्हणून एका पोरीची गोष्ट लिहितेय. तिला विचारून, आणि ओळखू येईल ते सगळं बदलून.

पोरगी शिरपूरकडची, गोळाफेकवाली. बायोमेकॅनिक्स राहिला होता. घरी वडील म्हणत होते, आपल्या गावचे पीटीचे सर एका वर्षात बी.पी.एड. (एम.पी.एड.च्या आधीची पदवी) झाले, तुझी दोन वर्षं झाली, आता ही अजून दोन, आणि त्यात नापास. वडिलांना कोणी सांगितलंच नव्हतं की २०१५ पासून बी.पी.एड. सगळ्यांनाच दोन वर्षांचं झालंय. हे मी पहिल्याच दिवशी त्यांना समोर बसवून सांगितलं, निम्मा ताण तिथंच उतरला. उरलेला निम्मा मात्र तिचा स्वतःचा होता.

"काय समजत नाही?"
"माले काहीच समजत नही, मॅडम."

कोणी "काहीच" म्हटलं की मी ते विषयाबद्दल धरत नाही, ते स्वतःबद्दल असतं. म्हणून पुस्तक उघडलंच नाही. दोन-तीन भेटी नुसत्या खेळाच्या गप्पा झाल्या. मग एके दिवशी टेबलावरचा पेपरवेट तिच्या हातात दिला आणि म्हटलं, मला गोळा टाकायला शिकव.

पोरगी बदललीच एकदम! खुर्ची सरकवली, माझा हात धरून मानेशी लावला, कोपर पडू देऊ नका म्हणाली, पाय असा, कंबर नंतर, हात सगळ्यात शेवटी. सुट्टीत ती गावच्या शाळेतल्या पोरींना शिकवायची ना, तोच आवाज.

"आता बघू कुठं?"
"निंबाच्या शेंड्याकडं नाही. पलीकडच्या केळीच्या बागेकडं बघायचं."
"का?"
"शेंड्याकडं बघितलं की गोळा नुसता वर जातो आणि जवळच पडतो."
"आणि पुस्तकात काय लिहिलंय?"

गप्पच झाली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "पुस्तकात ४५ अंश आहे. म्हणजे निंबाचा शेंडाच झाला ना मॅडम. मी पोरींना चुकीचं शिकवते."
"सरांना विचारलंस?"
"नाही. पुस्तक कसं चुकेल? मीच ढ."

इतके दिवस मी याच जागेची वाट बघत होते. खरं सांगायचं तर उत्तर मलाही येत नव्हतं, पण पोरीच्या हाताला काहीतरी ठाऊक आहे आणि पुस्तकाला काहीतरी ठाऊक आहे आणि दोघांची गाठ पडत नाहीये एवढं मला दिसत होतं, आणि तिनं ती गाठ घालायच्या ऐवजी स्वतःवर शिक्का मारून विषय बंद केला होता. नापास पेपरमुळं माणूस असा खचत नाही, त्या पेपरचा तो स्वतःबद्दल जो अर्थ लावतो त्यानं खचतो, हे मी माझ्या कामात सगळ्यात जास्त मानते. मी एवढंच सांगितलं की निंब, केळीची बाग, ४५, सगळं याच शब्दात सरांना विचारून ये.

पुढच्या भेटीला ती दारातूनच बोलत आली. सरांनी फळ्यावर काढून दाखवलं होतं. ४५ अंश हे जिथून फेकलं त्याच पातळीवर पडणाऱ्या वस्तूचं. गोळा खांद्याच्या वरून सुटतो आणि पडतो जमिनीवर, म्हणून कोन कमी लागतो, आणि वरच्या कोनात हाताला तेवढा जोरही देता येत नाही, त्यामुळं चांगले फेकणारे ३५ ते ४० च्या आसपासच सोडतात. आणि मग म्हणाली, "मॅडम, पुस्तक पण बरोबर होतं आणि माझा हात पण." मी तेव्हा काहीच बोलले नाही, चहा मागवला. अशा दोन-चार दिवसांसाठीच मी ही खुर्ची सोडली नाही इतकी वर्षं.

आता तुम्ही जे हीच काळजी घेऊन बसलाय त्यांच्यासाठी. मैदान आणि पुस्तक हे दोन वेगळे विषय नाहीयेत बाबांनो. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ ला टेकतो तेव्हा सर कॅम्प पहाटेच का घेतात, पहिल्या आठवड्यात हलकंच का पळवतात? शरीराला उन्हाची सवय व्हायला साधारण १० ते १४ दिवस लागतात म्हणून. हा एक्सरसाइज फिजिऑलॉजीतला धडा आहे आणि तो तुम्ही अंगानं आधीच शिकलाय, घामासकट. स्टॅटिस्टिक्सची भीती वाटते तर ३० पोरांच्या लांब उड्या टेपनं मोजा, सरासरी काढा, मग बघा त्या सरासरीच्या किती आसपास आहेत पोरं, प्रमाण विचलन म्हणजे तेच. इंग्रजी शब्द अडतो तिथं खाली अहिराणीत अर्थ लिहा, लाजू नका, वही तुमची आहे. आणि वाचलेलं कोणाला तरी शिकवा, शाळेतल्या पोरांना, धाकट्या बहिणीला, कारण शिकवताना तुमचं डोकं चालतं हे तुम्हाला माहितीये.

अजून एक, परीक्षेची भीती आणि नोकरीची भीती एकत्र कालवू नका. नोकरीची काळजी खरी आहे, तिला खोटं म्हणणार नाही मी, जागा कमी आहेत आणि भरती रखडते. पण ती वेगळ्या दिवशी, वेगळ्या कागदावर. यूजीसी नेटला, म्हणजे कॉलेजात शिकवायच्या पात्रता परीक्षेला, शारीरिक शिक्षण हा विषय आहे, पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा १०० चा, आणि त्या दुसऱ्यात हेच बायोमेकॅनिक्स, हेच फिजिऑलॉजी येतं. म्हणजे आज जे टाळताय तेच उद्या परत समोर.

पोरीचा पेपर निघाला. आता प्रबंधासाठी तिला गावातल्या पोरींच्या गोळाफेकीवरच काम करायचंय, नजर कुठं ठेवली की अंतर किती पडतं असं काहीतरी. परवा फोन आला होता, गाईड म्हणतायत विषय फार मोठा झालाय, छोटा कर. ती म्हणे, नाही करणार, भांडतेय.