'कम' हा आपल्या 'गेला'चा चुलत भाऊ

प्रश्न असा आलाय की मित्राला "उद्या तुझ्या घरी येतो, पुस्तक घेऊन येतो" हे इंग्रजीत कळवायचं तर 'गो' की 'कम', 'टेक' की 'ब्रिंग'? 'कम' आणि 'ब्रिंग'. 'आय विल गो टू युवर हाऊस' हे त्याच मित्राला सांगितलेलं मी इतक्यांदा ऐकलंय की आता कान दुखतात, आणि याला कारण ते व्याकरणाच्या गाइडांमधलं अर्धवट वाक्य, 'बोलणाऱ्याकडे म्हणजे कम, बोलणाऱ्यापासून लांब म्हणजे गो'. ऐकणारा कुठे गेला मग? चार्ल्स फिलमोर या भाषाशास्त्रज्ञानं १९७१ मध्ये याच विषयावर व्याख्यानं दिली, त्यात स्पष्ट आहे की ऐकणारा जिथे आहे किंवा त्या वेळी असणार आहे तिथे जायचं असेल तरी 'कम' चालतं. आणि मराठी कानाला हे आधीच माहीत असतं हो, "उद्या तुझ्या घरी जातो" असं आपण त्या मित्राला म्हणतो का? "मी मीटिंगला चाललोय, तू येतोस का?" इथेही इंग्रजीत 'कम'च.

आता खरी गंमत. 'कम' आणि संस्कृत 'गम्' एकाच मुळातून आलेत. संस्कृतात जिथे ग तिथे इंग्रजीत बऱ्याचदा क, संस्कृत 'गो' म्हणजे गाय आणि काऊ, 'युग' म्हणजे बैलांचं जू आणि योक, तसंच गम् आणि कम. हा नियम जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमनं १८२२ मध्ये नीट मांडला. आणि आपला 'गेला' त्याच गम् च्या 'गत' मधून आला, 'जाणे' मात्र संस्कृतातल्याच 'या' नावाच्या दुसऱ्या धातूतून, म्हणजे जा आणि गेला ही दोन वेगळ्या घरची माणसं एका क्रियापदात नांदतायत. इंग्रजीतही अगदी हेच, 'वेंट' हा 'गो'चा नव्हेच, तो 'वेंड' म्हणजे वळणे याचा भूतकाळ, 'गो'चा जुना भूतकाळ मागे पडला आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास हा त्या जागी पक्का बसला. 'इर्रेग्युलर आहे, पाठ करा' म्हणून हे उडवून लावणाऱ्या शिक्षकांचा मला मनापासून राग येतो.

यावरून 'कम' संस्कृतातून निघाला असं छातीठोक सांगणारेही चूक आहेत, ती बहिणींची नाती आहेत, आई-मुलीची नाहीत.

माझं स्वतःचं मत असं की त्या मूळ धातूत दिशा नव्हतीच, नुसतं पाऊल टाकणं होतं. म्हणून तर एकाच मुळातून इंग्रजीत 'येणे' निघालं आणि आपल्याकडे 'गेला'. संस्कृतानं दिशा 'आ' लावून दाखवली, गमन आणि आगमन. आणि तो 'आ' मराठीत अजून जिवंत आहे, 'ने' हा नी धातू, 'आण' म्हणजे आ अधिक तोच नी! एक अक्षर पुढे लागलं आणि टेकचं ब्रिंग झालं, मला हे दरवेळी नव्यानं आवडतं.

तर हो, पुस्तकाचं. 'आणतो' म्हणत असाल तिथे 'ब्रिंग', 'नेतो' म्हणत असाल तिथे 'टेक', आणि "जाऊन घेऊन ये" असेल तर 'फेच'.