धावत्या बसची नोंद डेटाबेस कशी ठेवतो?

प्रश्न : शहरातील हजारो बसगाड्यांची जागा सतत बदलत असते, तरीही आपल्या सर्वांत जवळची बस डेटाबेस क्षणार्धात कशी शोधतो?

उत्तर : अँटोनिन गुटमन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या आर-ट्री या रचनेत जवळजवळच्या वस्तू एका आयतात आणि असे अनेक आयत त्याहून मोठ्या आयतात बसवलेले असतात, त्यामुळे आधीच सापडलेल्या बसपेक्षा दूर असलेले आयत आत न डोकावताच वगळता येतात. मात्र बस जरा हलली की नोंद बदलायची म्हटले, तर संगणकाचा सारा वेळ दुरुस्तीतच जाईल. २००० साली मांडलेल्या टीपीआर-ट्रीने, म्हणजे हलत्या वस्तूंसाठी केलेल्या आर-ट्रीच्याच सुधारित रूपाने, यावर काढलेला तोडगा मला फार सुंदर वाटतो : तेथे बसची एका क्षणाची जागा आणि तिचा वेग साठवतात, पुढची जागा गणिताने काढतात, आणि वेग किंवा दिशा बदलली तरच नवी नोंद करतात. अर्थात, भिन्न वेगांच्या बस एका आयतात असल्या, की तो काळाबरोबर फुगत जाऊन शेजारच्या आयतांवर चढतो व शोध मंदावतो. म्हणून गट पाडताना जागेबरोबर वेगाचाही विचार करावा लागतो.