वाचकांचे प्रश्न : वशिला की गुण?

प्रश्न : एका सरकारी रेडिओ केंद्राच्या उद्घोषक निवडीत माझं नाव आलं नाही. ‘पक्षाची माणसं घेतात’ असं सगळे म्हणतात. वरपासून असंच असतं का? शोधायचं कसं?
– एक वाचक, सात रस्ता, सोलापूर

उत्तर : वर राजकारणाला वाट आहेच. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवते प्रसार भारती. तिचा कायदा 1990 चा, लागू झाला 1997 मध्ये. तिचे अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी अधिकारी राष्ट्रपती नेमतात, पण तिघांच्या समितीच्या शिफारशीवरून : राज्यसभेचे सभापती, प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींनी नेमलेली एक व्यक्ती. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतात, तेव्हा ही तिसरी खुर्ची कोणाची ते ओळखा!

तुमच्या निवडीबद्दल माहिती अधिकारात अर्ज करा. प्रसार भारती केंद्रीय कायद्याने झालेली संस्था असल्याने कोर्ट फी स्टॅम्प लावू नका, तो राज्याच्या अर्जाला चालतो. फी दहा रुपये. लेखा अधिकाऱ्याच्या नावे पोस्टल ऑर्डर जोडा किंवा केंद्र सरकारच्या माहिती अधिकार पोर्टलवर ऑनलाइन भरा.

‘मला का डावललं?’ असं विचारू नका; कारणं शोधून देणं माहिती अधिकाऱ्याचं काम नाही. कागद मागा : निवडीचे निकष, लेखी, आवाज चाचणी आणि मुलाखतीचे गुणभार, तुमची गुणपत्रिका, शेवटच्या निवडलेल्या उमेदवाराचे एकूण गुण. इतरांचे तपशील वैयक्तिक म्हणून नाकारले जाऊ शकतात. मुलाखतीचा भार मोठा असेल तर संशयाची जागा तीच.

30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. त्याला फी नाही. दुसरं अपील 90 दिवसांत, केंद्रीय माहिती आयोगाकडे. राज्य आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे नव्हे.