हंगामी फुलांचे घरचे बी : ओळख आणि पेरणी

प्रश्न : गेल्या वर्षी परसातील व बांधावरील फुलझाडांचे बी काढून एकाच डब्यात ठेवले होते. आता कोणते बी कशाचे हे कळत नाही. ते कसे ओळखावे आणि दसऱ्याच्या झेंडूसाठी त्यातलेच वापरावे का?

उत्तर : बी पांढऱ्या कागदावर पसरून उजेडात पाहावे. झेंडूचे बी काळे, काडीसारखे बारीक असून त्याच्या एका टोकाला फिकट तुसांचा झुबका असतो. कॉसमॉसचे बीही लांबट व गडद, परंतु किंचित वाकलेले आणि टोकाला निमुळते असते. झिनियाचे बी चपटे व करड्या रंगाचे, कोंबड्याचे मोहरीहून बारीक, काळे व चकचकीत, तर तेरड्याचे गोलसर तपकिरी असते. नखाने दाबून पाहावे. सहज दबणारे बी पोचट समजून काढून टाकावे.

तरीही शंका उरल्यास थोडे बी ट्रेमध्ये पेरून रोपांवरून ओळख पटवावी. झेंडूचे पान चुरगळताच उग्र वास येतो, झिनियाची पाने समोरासमोर, देठाविना व खरखरीत असतात आणि कॉसमॉसची पाने शेपूसारखी बारीक चिरलेली असतात. वाफ्यात गाजरगवताची रोपेही उगवतात. जमिनीलगत चक्राकार पसरणारी कातरलेली पाने दिसताच ते उपटावे.

दसऱ्याच्या झेंडूबाबत मात्र सावध राहावे. मूळ झाडे संकरित वाणाची असतील, तर त्यांच्या बियांपासून येणाऱ्या झाडांत उंची, रंग व फुलाचा आकार एकसारखा राहत नाही आणि असा मिसळलेला माल बाजारात भाव पाडतो. पुसा नारंगी गेंदा यांसारख्या सरळ (संकरित नसलेल्या) वाणाचे बी घरी धरता येते, मात्र मधमाश्यांमुळे परपरागीभवन (दुसऱ्या झाडाच्या परागाने बीज धरणे) होत असल्याने जवळपास दुसरा झेंडू नसावा. ॲस्टरमध्ये बहुतांशी स्वपरागीभवन (स्वतःच्याच परागाने बीज धरणे) होते, म्हणून त्याच्या ‘फुले गणेश’ या मालिकेतील वाणांचे घरचे बी बऱ्यापैकी शुद्ध राहते. तथापि त्याची उगवणक्षमता लवकर घटते, त्यामुळे जुने बी विसंबून पेरू नये.

पेरणीपूर्वी ओल्या कापडात शंभर बिया ठेवून आठवडाभराने मोजाव्यात. सत्तरहून कमी उगवल्यास बियाणे त्या प्रमाणात वाढवावे. गादीवाफ्यावर बी उथळ पेरून झारीने पाणी द्यावे, सुमारे चार आठवड्यांनी चार-पाच पानांची रोपे लावावीत आणि झेंडू लावल्यानंतर महिन्याभराने त्याचा शेंडा खुडावा.