बाळाला पाण्यात कधी न्यावं, कसं धरावं?

प्रश्न : आमचं बाळ पाच महिन्यांचं आहे. तान्ह्या बाळांना जन्मतःच पोहता येतं आणि मोठी होताना ती विसरतात, असं ऐकलं. मग आत्ताच शिकवायला घ्यावं का?

पाण्याशी ओळख जरूर करून द्या, पण बाळाला पोहता येतं या समजुतीवर नको. पाण्यात पालथं धरलेलं तान्हं बाळ हातपाय मारतं आणि तोंडावर पाणी आलं की क्षणभर श्वास रोखतं. या उपजत प्रतिक्षिप्त क्रिया आहेत. हातपाय मारण्याची क्रिया साधारण सहा महिन्यांनंतर ओसरत जाते. श्वास घेण्यासाठी मान वर काढणं मात्र त्याला जमत नाही, आणि ते जमेपर्यंत त्याला पोहणं म्हणता येणार नाही.

'अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स' ही बालरोगतज्ज्ञांची संघटना याबाबत स्पष्ट बोलते. वर्षाच्या आतल्या बाळांना शिकवल्यामुळे बुडण्याचा धोका कमी होतो, याला पुरावा नाही. १ ते ४ वर्षांच्या मुलांना मात्र रीतसर शिकवण्याचा उपयोग होऊ शकतो, आणि बहुतेक मुलं चौथ्या वर्षापर्यंत वर्गात शिकायला तयार होतात. म्हणजे पहिल्या वर्षात तुम्ही बाळाला शिकवता ते पोहणं नव्हे, तर पाण्यात मोकळं राहणं. माझ्या मते तेही फार मोलाचं आहे. पाण्याची भीती नसलेलं मूल पुढे खूप सहज शिकतं.

प्रश्न : मुलगी आठ महिन्यांची आहे. पहिल्यांदा पूलमध्ये उतरणार आहोत. नेमकं करायचं काय?

आधी पाण्याचं तापमान विचारा. मोठ्यांना सुखद वाटणारं पाणी बाळाला गार पडतं, कारण वजनाच्या मानाने त्याच्या त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं आणि अंगातली ऊब झपाट्याने जाते. एवढ्या लहान बाळासाठी पाणी ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास असलेलं बरं. पहिल्या दिवशी दहा मिनिटं पुष्कळ झाली. ओठ निळसर दिसले किंवा बाळ काकडू लागलं तर तेवढीही थांबू नका. लगेच बाहेर काढा, टॉवेलात गुंडाळा आणि छातीशी धरा.

उतरताना तिला छातीशी घ्या. तुम्ही हळूहळू खाली बसा, म्हणजे पाणी तुमच्या दोघींच्या खांद्यापर्यंत येईल. उभं राहून तिला एकटीला पाण्यात बुडवू नका. ती सैलावली की दोन्ही काखांत हात घालून तिला समोर धरा आणि मागे मागे चालत जा. तुमचा चेहरा तिच्या चेहऱ्याच्या पातळीवर हवा. तो वर असला की ती मान उंचावून बघते, कंबर खाली जाते आणि अंग उभं होतं. चेहरा पाण्यालगत आणलात की तिचं अंग आपोआप आडवं होतं. बहुतेक आईवडील हे विसरतात आणि बाळाचे पाय वर येत नाहीत म्हणून खट्टू होतात.

उताणं तरंगवताना तिचं डोकं तुमच्या खांद्यावर आणि गाल गालाला लागलेला असू द्या. एक तळहात पाठीखाली ठेवा. या वयात अनेक मुलांना उताणं पडणं आवडत नाही. रडली तर सोडून द्या, पुढच्या वेळी दोन क्षण पुन्हा करून बघा. तुम्ही पाण्यावर तोंड टेकवून बुडबुडे काढत राहा. ती बघत राहील आणि एके दिवशी स्वतः काढेल. फुंकताना पाणी आत ओढलं जात नाही, म्हणून श्वासावरच्या ताब्याची सुरुवात मी इथूनच मानते.

प्रश्न : एका ठिकाणी बाळाच्या तोंडावर फुंकर मारून त्याला पाण्याखाली नेतात. बाळ रडलं तरी 'सवय होईल' म्हणतात. हे बरोबर आहे का?

नाही. रडणाऱ्या मुलाला बळजबरीने बुडवणं मला अजिबात मान्य नाही. रडताना तोंड उघडं असतं, नाकातोंडात पाणी जातं आणि मनात भीती घर करते ती वेगळीच. पुन्हा पुन्हा बुडवल्याने बाळ बरंच पाणी गिळतं, हा आणखी एक धोका. इतक्या लहान शरीरात जादा पाणी गेलं की रक्तातलं सोडियम खाली येऊ शकतं. पूलवरून आल्यावर बाळ सुस्त पडलं, विनाकारण चिडचिडं झालं, उलट्या करू लागलं किंवा त्याला झटका आला तर थेट डॉक्टरांकडे न्या आणि त्याने पाणी गिळल्याचं आवर्जून सांगा.

त्याऐवजी घरी आंघोळीच्या वेळी 'एक, दोन, तीन' म्हणून छोट्या मगाने डोक्याच्या मागच्या बाजूने पाणी सोडा. शब्द तेच, सूर तोच. काही दिवसांत 'तीन' ऐकताच बाळ डोळे मिटून सावरून बसतं. मग पाण्याची धार हळूहळू कपाळाकडे आणा.

प्रश्न : दंडावरचे फुगे चांगले की गळ्यात अडकवायची ट्यूब?

गळ्यातली ट्यूब नकोच. अमेरिकेत औषधं आणि वैद्यकीय साधनांवर देखरेख ठेवणाऱ्या 'एफडीए' या सरकारी संस्थेने २०२२ मध्ये तिच्याबद्दल पालकांना सावध केलं होतं. हवा गेली किंवा बाळ निसटलं तर जिवावर बेतू शकतं. दंडावरचे फुगेही खेळणंच आहेत, सुरक्षेचं साधन नाहीत. शिवाय त्यांच्यामुळे मूल पाण्यात उभं राहायला शिकतं, आणि ती सवय मोडण्यात पुढे बराच वेळ जातो.

प्रश्न : लसीकरणानंतर किती दिवस थांबावं? आणि डायपरचं काय?

बाळ बरं असेल तर लसीसाठी थांबायची गरज नाही. ताप, कानदुखी किंवा जुलाब असतील तर मात्र पाण्यात नेऊ नका. स्विम डायपर शी थोडीफार अडवतो, जंतू अडवत नाही, म्हणून तासाभराने तपासा आणि बदलायचा तो पाण्यापासून दूर. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाब करणारा परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही आठवडाभराहून जास्त टिकू शकतो. त्यामुळे जुलाब झालेल्या मुलाला घरी ठेवणं ही इतरांच्या बाळांचीही काळजी आहे.

प्रश्न : नात अडीच वर्षांची आहे. काठ धरून सरकते, हात मारत दोन पावलं येते. मुलगा म्हणतो, 'आई, आता तिची काळजी नको.' मला मात्र धास्ती वाटते.

आजी, तुमची धास्ती रास्त आहे आणि मुलाला हे उत्तर वाचायला द्या. एवढं लहान मूल बुडताना बहुधा ओरडत नाही, हातही हलवत नाही. श्वासच अपुरा पडतो, तर आवाज कुठून निघणार? शेजारी गप्पा मारत बसलेल्यांना कळतही नाही. म्हणून नात पाण्यात किंवा पाण्याजवळ असेल तेव्हा एका मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर राहायचं, फोन बाजूला ठेवून. चौघं जण असले तर 'आत्ता माझी पाळी' असं मोठ्याने सांगायचं. घरातली भरलेली बादलीही रिकामी करून पालथी घाला. लहान मूल काही सेंटीमीटर पाण्यातही बुडू शकतं.

तिला दोन गोष्टी शिकवा. काठावर बसायचं आणि 'ये' म्हटल्याशिवाय पाण्यात शिरायचं नाही. पाण्यात पडलंच तर वळून काठ धरायचा, कोपर टेकवायचे, पोट वर ओढायचं, मग गुडघा. हे रोज खेळ म्हणून करून घ्या. पोहण्याचा पोशाख भडक केशरी किंवा गुलाबी घ्या. निळा-पांढरा पाण्यात दिसत नाही.

प्रश्न : मला स्वतःला पोहता येत नाही. मी बाळाला घेऊन उतरू का?

पाणी तुमच्या कमरेइतकं असेल, पाय नीट टेकत असतील आणि पोहता येणारं कुणी शेजारी असेल तर उतरा. तुम्ही घाबरून अंग आखडलंत तर बाळ ते लगेच ओळखतं, म्हणून आधी बाळाशिवाय दोन-चारदा त्याच जागी चालून या. जमलं तर स्वतःचाही वर्ग लावा. त्याआधी लहान बाळाचा प्रथमोपचार शिकून घ्या : बुडालेल्या बाळाला आधी श्वास द्यायचा असतो, तोंड आणि नाक दोन्ही आपल्या तोंडाने झाकून, आणि मग छाती दाबायची. हे वाचून येत नाही, बाहुलीवर हाताने करूनच येतं.